ऊसतोड कामगारांना हक्कांची माहिती द्यायची ती उचलीच्या वेळी, गावातच

बालाघाटकर

ऊसतोड कामगारांच्या कायदेशीर हक्कांविषयीची शिबिरे बहुतेक वेळा डिसेंबर-जानेवारीत कारखान्याच्या तळावर, म्हणजे कामगार मुक्काम करतात तेथे, घेतली जातात. हेतू चांगला असतो आणि बोलणारी माणसे तळमळीची असतात, परंतु ही वेळ आणि ही जागा दोन्ही चुकलेल्या आहेत असे माझे मत आहे. त्यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

बीड जिल्ह्यातील शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतून किंवा शेजारच्या पाथर्डी, जामखेड, भूम भागातून तोडीला जाणाऱ्या जोडप्याचा हंगाम आषाढ-श्रावणातच ठरून गेलेला असतो. पेरणी, लग्न, दवाखाना किंवा जुनी देणी यांपैकी कशासाठी तरी पैसा लागतो, बँक दारात उभे करत नाही, आणि मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा ठेकेदार, पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. त्याच वेळी बाँडवर सही किंवा अंगठा होतो. आकडा भरलेला आहे की जागा कोरी आहे, कोणत्या कारखान्याला जायचे आहे, तोडीचा दर काय, खाड्याला, म्हणजे काम न केलेल्या दिवसाला, किती पैसे कापणार, यांतले फारसे काही त्या वेळी विचारले जात नाही, आणि त्या कागदाची प्रत कामगाराच्या घरात मी तरी पाहिलेली नाही. पुढे ट्रॅक्टर भरून निघाल्यावर, तळावर कोपी (झोपडी) घालून बसल्यावर त्याच माणसाला 'तुला किमान वेतनाचा हक्क आहे' असे सांगणे म्हणजे पेरणी उरकल्यावर बियाण्याची पारख शिकवण्यासारखे आहे.

एक गणित मांडतो. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात झालेल्या समझोत्यानुसार तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाला दोन टन ऊस तोडून, मोळ्या बांधून गाडीत भरून देतात असे धरले, तर एक लाखाची उचल फेडायला सुमारे २७३ टन, म्हणजे जवळजवळ १३७ दिवस लागतात, आणि तेही आजारपण, पाऊस, गाडी न येणे, फड बदलणे यांत एकही दिवस न जाता. २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि राज्यातील बहुतेक कारखान्यांचे गाळप मार्चमध्येच थांबले. बाजारासाठी मधूनमधून मिळणारे पैसे त्याच खात्यावर चढतात, ते निराळेच. म्हणजे पट्टा पडल्यावर (हंगाम संपल्यावर) अंगावर बाकी राहणार हे उचल घेतानाच दिसू शकते; फक्त ते त्या दिवशी कुणी मांडून दाखवत नाही. आणि बाकी राहिली की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे, तो म्हणेल त्या अटीवर जावे लागते.

म्हणून माझा प्रश्न असा आहे की उचलीच्या वेळी, गावातच, कामगाराच्या हातात काय द्यावे आणि ते कुणी द्यावे? आपापल्या अनुभवावरून लिहावे ही विनंती.

अंबाजोगाईचा वकील

बालाघाटकर, तुम्ही विचारलेल्या गोष्टींना कायद्यात आधार आहे, आणि तो आता पूर्वीपेक्षा स्पष्ट झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अंमलात आल्या. त्यांतील वेतन संहिता, २०१९ ही ठरावीक उद्योगांपुरती किंवा ठरावीक पगारापुरती मर्यादित नाही, म्हणून ऊसतोडीच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे.

तिच्यानुसार वेतनाचा कालावधी एका महिन्यापेक्षा मोठा असू शकत नाही. हंगामभर काम करून घ्यायचे आणि हिशोब एकदम पट्टा पडल्यावर करायचा, ही आपल्याकडची रूढ पद्धतच या तरतुदीशी जुळत नाही. वेतन देताना वेतनचिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे. एका कालावधीत होणारी एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून अधिक असू शकत नाही. कामावर येण्यापूर्वी दिलेल्या अग्रिमाची, म्हणजे उचलीची, वसुली कशी करावी हे ठरवून दिले आहे, आणि प्रवासखर्चासाठी दिलेली रक्कम तर वसूल करताच येत नाही. गावाहून तळापर्यंतच्या गाडीचे भाडे उचलीत धरले जात असेल, तर ते कापणे बेकायदेशीर आहे.

खाड्याविषयी विशेष लिहितो. गैरहजेरीपोटी होणारी कपात ही गैरहजेरीच्या प्रमाणातच असू शकते. ऊसतोड कामगाराला टनावर पैसे मिळतात. तो ज्या दिवशी तोड करत नाही त्या दिवशी त्याला काहीच मिळत नाही. मग त्याच दिवसाबद्दल वर आणखी काही शे रुपये त्याच्या नावावर टाकणे हा सरळ सरळ दंड झाला. दंडालाही मर्यादा आहे: तो त्या कालावधीच्या वेतनाच्या तीन टक्क्यांहून अधिक असता कामा नये, आणि संबंधित कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय तो लावता येत नाही. तापाने फणफणलेल्या माणसाला कोपीत पडून राहिल्याबद्दल जो खाडा लागतो, तो या कसोट्यांपैकी एकाही कसोटीला उतरत नाही.

वेतन थकले किंवा बेकायदा कापले गेले तर तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, आणि वेतन दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. ही शेवटची गोष्ट प्रत्येक टोळीला माहीत असली पाहिजे, कारण 'आमच्याकडे पुरावा काय आहे' याच विचाराने आपली माणसे हिशोब मागायला कचरतात.

तळावरचा माणूस

मी एका कारखान्याच्या शेतकी विभागात नोकरी केली आहे. कारखान्याचे नाव येथे अप्रस्तुत आहे. वकीलसाहेबांनी 'मालक' असा उल्लेख केला आहे, आणि व्यवहारात सगळी अडचण तेथेच येते, म्हणून साखळी सांगतो.

कारखान्याचा तोडणी-वाहतूक करार असतो तो वाहतूकदाराशी, म्हणजे ट्रॅक्टर किंवा ट्रकच्या मालकाशी. कारखाना अग्रिम देतो तो त्याला. तो आपली भर घालून ती रक्कम मुकादमाला देतो, आणि मुकादम कोयत्यांना. टायर गाडीवाल्यांच्या, म्हणजे बैलगाडीने ऊस नेणाऱ्यांच्या, बाबतीत साखळी थोडी आखूड असते. कारखान्याच्या दफ्तरात वाहतूकदाराचे नाव, गाडीचा क्रमांक, कराराची रक्कम आणि वजनाची प्रत्येक पावती असते, पण ऊस प्रत्यक्ष तोडणाऱ्या जोडप्याचे नाव बहुतेक ठिकाणी नसते. म्हणून काही विचारायला कुणी आलेच, तर 'हे आमचे कामगार नाहीत' असे उत्तर देणे सोपे जाते, आणि कागदावर पाहिले तर ते खरेही दिसते.

माझी सूचना अगदी साधी आहे. अनेक कारखाने आता ऊस उत्पादकाला त्याच्या उसाचे वजन मोबाइलवर लघुसंदेशाने कळवतात. काटा तोच, यंत्रणा तीच. त्याच खेपेचे वजन टोळीतील प्रत्येक कोयत्याच्या मोबाइलवर का जाऊ नये? आज कामगाराला आपण किती टन तोडले हे मुकादमाच्या वहीतून कळते, आणि ती वही मुकादमाच्या खिशात असते. वजन कळले की दराने गुणायचे काम चौथीतील मुलगाही करील. यासाठी नवा कायदा लागत नाही. साखर आयुक्तालयाने मनावर घेतले तर एका हंगामात हे सुरू होऊ शकते.

अंबाजोगाईचा वकील

तळावरचा माणूस यांनी दाखवलेली साखळी खरी आहे, पण तिच्यामुळे कामगार निराधार होत नाही. 'मालक' या संज्ञेत कंत्राटदारही येतो, त्यामुळे मुकादम किंवा वाहतूकदार यांच्यापैकी कुणीतरी मालक ठरतोच. शिवाय अशा मालकाने वेतन दिले नाही, तर ज्या आस्थापनेत काम झाले तिच्यावर ते देण्याची जबाबदारी येते. कारखाने यावर 'तोडणी हे शेतातील काम आहे, आस्थापनेतील नव्हे' असा युक्तिवाद करतात. तो खोडून काढण्यासाठी कामगाराने कोणत्या कारखान्यासाठी, कोणत्या गाडीत, किती टन भरले याची नोंद लागते. म्हणजे पुन्हा तुमच्या वजनाच्या संदेशाकडेच यावे लागते. ही सूचना मला फार मोलाची वाटते.

मुकादमाचा मुलगा

येथे मुकादमाविषयी जे लिहिले जात आहे ते सगळे खोटे आहे असे मी म्हणणार नाही, पण त्याची बाजूही कुणीतरी मांडली पाहिजे. माझे वडील स्वतः बारा वर्षांचे असल्यापासून तोडीला जात होते आणि नंतर मुकादम झाले. एकाच हंगामात दोघा-तिघांकडून उचल घेऊन तिसऱ्याच कारखान्याला निघून जाणारे लोक आहेत. अशा वेळी वाहतूकदार मुकादमाच्या दारात येऊन बसतो, कारण त्याच्या ट्रॅक्टरचा हप्ता थांबलेला असतो. आमची जमीन एका वर्षी याच कारणाने गहाण पडली. कमिशनचा आकडा मोठा दिसतो, पण बुडालेली उचल त्यातूनच भरावी लागते.

कागदाची प्रत कामगाराला द्यावी, याला माझी हरकत नाही. उलट कागद चोख असेल तर आम्हालाही तो दाखवता येईल. फक्त माहितीपत्रक काढताना 'मुकादम हा शत्रू आहे' अशा भाषेत काढू नका. टोळीतला निम्मा माणूस त्याचा भाऊबंद असतो, आणि असे पत्रक गावात कुणी हातात धरणार नाही.

बालाघाटकर

मुकादमाचा मुलगा यांचे आभार. पत्रकाच्या भाषेविषयीची सूचना मला पूर्ण मान्य आहे. मात्र एक सीमारेषा स्पष्ट असावी. बुडालेल्या उचलीसाठी दिवाणी दावा लावणे, लेखी तडजोड करणे, हे मुकादमाचे किंवा वाहतूकदाराचे अधिकार आहेत. पैसे फिटेपर्यंत माणसाला, त्याच्या बायकोला किंवा मुलांना तळावर अडवून ठेवणे, गाडीत घालून आणणे, मोबाइल काढून घेणे हे कुणाचेही अधिकार नाहीत. यावर वकीलसाहेबांनी लिहावे.

अंबाजोगाईचा वकील

वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. अग्रिमाच्या बदल्यात कामगाराने कुठेही जाण्याचे, दुसरे काम धरण्याचे स्वातंत्र्य गमावले, किंवा त्याला किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबावे लागले, तर तो व्यवहार या कायद्याच्या कक्षेत येतो. असे कर्ज कायद्याने संपुष्टात येते, ते वसूल करता येत नाही, आणि ते वेठबिगारीचे कर्ज नाही हे सिद्ध करण्याचा भार कर्ज देणाऱ्यावर असतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. एशियाड स्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर काम करावे लागणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध केलेले सक्तीचे श्रम आहेत. गरिबीमुळे नाइलाजाने दिलेला होकार हा होकार मानता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे.

अर्ज करायचा तो जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकारी यांच्याकडे. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असणे कायद्याने आवश्यक आहे. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत मुक्त झालेल्या पुरुषाला एक लाख, तर स्त्रियांना आणि मुलांना दोन लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. मी हे मुकादमांना धाक घालण्यासाठी सांगत नाही. परंतु 'उचल घेतली आहे, आता निमूटपणे बसावेच लागेल' असे कामगाराला जे मनापासून वाटते, ते कायद्याला मान्य नाही हे त्याला कळले पाहिजे.

माजलगावची लेक

या सगळ्या चर्चेत कोयता म्हणजे नवरा-बायको असे धरून पुढे गेले, आणि तेथेच बाईचा हक्क नाहीसा झाला. उचल ठरते ती नवऱ्याशी, सही त्याची, हिशोब त्याच्याशी, पैसे त्याच्या हातात. माझी आत्या आणि दोन्ही भावजया तोडीला जातात. ऊस तोडणे, मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवणे, ही सगळी कामे त्या करतात. त्यांच्या नावावर मजुरी म्हणून एक रुपयाचीही नोंद नाही. समान कामाला समान वेतन हे कायद्यात आहे, पण ज्या बाईला स्वतःचे वेतनच नाही, तिने समानता कशाशी मोजायची? पत्रक काढणार असाल तर त्यात पहिली मागणी ही असावी की अर्ध्या कोयत्याचे पैसे बाईच्या बँक खात्यावर जावेत.

खाड्याचा सर्वांत मोठा घाव बाईच्या शरीरावर पडला आहे. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणाची माहिती आली, आणि त्यांतील १३,८६१ महिलांची गर्भाशये काढलेली होती. यामागे डॉक्टरांनी घातलेली भीती आहे, लहान वयातील लग्ने आणि बाळंतपणे आहेत, तळावर पाणी आणि संडास नसल्याने होणारे आजार आहेत. पण त्याबरोबर हेही आहे की पाळीत, अंगावर जात असताना, पोटात दुखत असताना एक दिवस बसावे तर खाडा लागतो, आणि मग 'एकदाची ही कटकट नको' असे बाईलाच वाटू लागते. वकीलसाहेबांनी सांगितलेला दंडाचा नियम आमच्या आयाबहिणींना पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणी सांगितला असता, तर काही जणी तरी वाचल्या असत्या असे मला राहून राहून वाटते.

आणखी एक विषय आहे, ज्यावर बाया आपसातसुद्धा दबक्या आवाजात बोलतात. रात्री-अपरात्री गाडी भरायला जावे लागते, कोपीला दार नसते, आंघोळीला आडोसा नसतो. कुणी त्रास दिला तर तक्रार कुठे करायची? लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार असंघटित क्षेत्रातील महिलांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते आणि तालुक्याला तक्रार स्वीकारणारा अधिकारी नेमायचा असतो, हे मला माहीत आहे. आमच्या आत्याला ते मी सांगेपर्यंत माहीत नव्हते, आणि सांगितल्यावर तिने विचारले की ती समिती बीडची की आम्ही जातो त्या कोल्हापूरची? याचे उत्तर पत्रकात हवे.

अंबाजोगाईचा वकील

ताई, काम ज्या जिल्ह्यात चालू आहे तेथील स्थानिक समितीकडे तक्रार करायची. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत ती लेखी द्यायची असते, लिहिता येत नसेल तर समितीने लिहून घेण्यास मदत करायची असते, आणि पुरेसे कारण असल्यास मुदत वाढवता येते. हंगाम संपून गावी परतेपर्यंत मुदत निघून जाण्याची शक्यता असते, म्हणून ज्या जिल्ह्यात टोळी जाणार तेथील समितीचा पत्ता निघण्यापूर्वीच हातात असणे गरजेचे आहे. तातडीच्या प्रसंगी १८१ आणि ११२ हे क्रमांक आहेतच. मोफत कायदेशीर मदतीसाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे, आणि १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना तसेच वेठबिगारीत अडकलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो.

सीमाभागातून

आमच्या बाजूला बेळगाव, बागलकोट जिल्ह्यांतील कारखान्यांवर बीडच्या आणि सोलापूरच्या टोळ्या मोठ्या संख्येने येतात. येथे एक विचित्र परिस्थिती आहे. बीडचा माणूस कोल्हापूरला गेला तर कायद्याच्या भाषेत तो आंतरराज्य स्थलांतरित नसतो, आणि तोच माणूस काही मैल पुढे जाऊन कर्नाटकात ऊस तोडू लागला की असतो. १९७९ च्या कायद्यात हे असेच होते आणि व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक नव्या संहितेतही तसेच राहिले. दहा किंवा अधिक आंतरराज्य कामगार असलेल्या आस्थापनेला ती लागू होते, म्हणजे एक टोळी सहज त्यात बसते. गावी जाण्या-येण्याच्या भाड्यापोटी ठोक रक्कम, मोफत वैद्यकीय तपासणी, अपघात झाल्यास दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि नातेवाइकांना कळवणे, अशा तरतुदी तिच्यात आहेत.

प्रत्यक्षात मात्र राज्य ओलांडले की माणूस अधिक एकटा पडतो. पोलीस ठाण्यात भाषा निराळी, कागद कन्नडमध्ये. तेथे अपघात झाला तर मृतदेह गावी नेण्याची घाई केली जाते, आणि पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, दवाखान्याचे कागद मागेच राहतात. नुकसानभरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत करता येतो, पण कागदच नसतील तर तो उभा कशावर राहणार? 'कागद घेतल्याशिवाय निघू नका' हे एक वाक्य जरी प्रत्येक टोळीतल्या दोघांना पाठ असले, तरी अनेक विधवा भगिनींचे दावे टिकतील.

सातपुड्याचा शिक्षक

नंदुरबार, धुळे या बाजूचे आदिवासी बांधव तोडीला दक्षिण गुजरातमध्ये, सुरत-बारडोलीकडे जातात. त्यांच्या दृष्टीने मराठी पत्रकही परक्या भाषेतलेच आहे. भिली, पावरी बोलणाऱ्या माणसाच्या हातात चार पानांची शासकीय मराठी देऊन जागृती झाली असे मानू नये. त्यांच्याच बोलीतील पाच मिनिटांची ध्वनिफीत मोबाइलवर पाठवली तर ती संध्याकाळी चुलीपाशी सगळी टोळी ऐकते.

मुलांविषयी थोडक्यात सांगतो. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर आहेत. ती सगळीकडे पूर्ण क्षमतेने चालत नाहीत, तरी प्रवेशाचा अर्ज जून-जुलैतच करावा लागतो हे पालकांना सांगायला हवे. मूल बरोबर नेलेच, तर कारखान्याजवळच्या शाळेने त्याला दाखल करून घेणे बंधनकारक आहे. दाखला मागे राहिला म्हणून ती नकार देऊ शकत नाही.

कोयतेवाला

मी सतरा हंगाम ऊस तोडला आहे आणि आता पाठीच्या दुखण्यामुळे बंद केला आहे. वरचे सगळे वाचले. लिहिणारे मनापासून लिहीत आहेत हे जाणवते, तरी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आम्हाला हक्क माहीत नाहीत असे समजू नका. फसवले जात आहे हे आम्हाला कळते. वजन मारले जाते हे कळते. खाडा चुकीचा आहे हे तर लहान पोरालाही कळते. पण जो हिशोब विचारतो त्याला पुढच्या वर्षी उचल मिळत नाही. मुकादमांचे एकमेकांशी बोलणे असते. मुलीचे लग्न तोंडावर असताना मला लाख रुपये दुसरे कोण देणार होते? कामगार आयुक्ताकडे अर्ज करायला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे, तर तो दिवस खाड्यात जातो. तेव्हा माहिती देणे ठीक आहे, पण माहितीने उचलीची गरज संपत नाही.

बालाघाटकर

कोयतेवाले दादा, तुमच्या प्रतिसादाची मी वाट पाहत होतो. तुमचे म्हणणे खोडून काढता येण्यासारखे नाही आणि मला तसे करायचेही नाही. स्वस्त कर्ज, गावातच हिवाळ्यात काम, पाण्याची सोय या गोष्टींना जागृती हा पर्याय नाही. परंतु तुम्ही जे सांगितले त्यातूनच मला एक वाट दिसते.

तोडीला जाणाऱ्या प्रत्येक माणसाला एक आकडा नक्की ठाऊक असतो, तो म्हणजे तोडीचा दर. २०२४ ची ३४ टक्क्यांची वाढ कुणी शिबिरात शिकवलेली नव्हती. कोयता बंदची, म्हणजे तोडीला न जाण्याची, हाक दिली गेली, वाटाघाटी झाल्या, गावागावांत चर्चा झाली, आणि दर कळला तो सगळ्यांना एकदम. त्यामुळे त्यापेक्षा कमी दर देताना मुकादमालाही अवघड वाटते, आणि कुणा एकट्याला पुढे येऊन मागावे लागत नाही. खाडा, वजन, गाडीभाडे, महिन्याचा हिशोब आणि बाईचे खाते या पाच गोष्टी दराप्रमाणेच सार्वजनिक झाल्या, सगळ्या गावासमोर ठरल्या, तर विचारणारा एकटा पडणार नाही.

यासाठी ग्रामसभांच्या तारखा आपल्याला सोयीच्या आहेत. २६ जानेवारीला माणसे तळावर असतात, त्या सभेचा उपयोग नाही. १५ ऑगस्टला मात्र बहुतेक जण गावात असतात आणि उचलीचा काळही तोच असतो. त्या सभेत कोणत्या मुकादमाकडे कोणती टोळी, कोणता कारखाना, किती कोयते, प्रत्येकाची उचल किती आणि अटी काय याची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत व्हावी. ऊसतोड कामगारांना ओळखपत्र देण्याचे काम ग्रामसेवकांकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी) आहेच; गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनाला दहा रुपये आणि तेवढीच रक्कम शासनाकडून अशी तरतूदही आहे. त्या पैशातून प्रत्येक कोयत्याला एक छापील हिशोबवही मिळणे अशक्य नाही. वहीच्या डाव्या पानावर खेपेचे वजन, उजव्या पानावर मिळालेले पैसे, आणि मलपृष्ठावर वर आलेले दूरध्वनी क्रमांक. मग १ मे च्या ग्रामसभेत, माणसे परतलेली असताना, हिशोब वाचले जावेत. मुकादमाने आपलाही हिशोब तेथेच मांडावा, म्हणजे बुडालेल्या उचलीचा प्रश्नही सगळ्यांसमोर येईल.

मुकादमाचा मुलगा

१५ ऑगस्टच्या सभेत नोंद करायला माझे वडील तयार होतील असे मला वाटते, कारण दोन ठिकाणी उचल घेणाऱ्याला त्याने आपोआप आळा बसेल. खाड्याच्या मुद्द्यावर ते तयार होतील की नाही, हे आज सांगता येणार नाही. वाहतूकदार त्यांच्याकडून खाडा वसूल करतो. तो थांबला तर आम्हीही थांबवू.

माजलगावची लेक

सभेत उचलीची नोंद होताना बाईचे नाव स्वतंत्र ओळीत लिहावे आणि सही तिचीही घ्यावी. त्याआधी १४ ऑगस्टला किंवा सोयीच्या दिवशी महिला सभा बोलावली तर बाया मोकळेपणाने बोलतील. मोठ्या सभेत सासऱ्यासमोर कुणी तोंड उघडणार नाही.

कोयतेवाला

सगळ्या गावासमोर ठरणार असेल तर मी सभेत उभा राहून बोलेन. मला आता उचल नको आहे, त्यामुळे माझे कुणी काही अडवू शकत नाही. एकच शंका आहे. ग्रामपंचायतीच्या वहीतली नोंद सांगली-कोल्हापूरच्या कामगार कार्यालयात चालेल का?

अंबाजोगाईचा वकील

दादा, ती नोंद एकटीच पुरेशी ठरेल असे सांगणार नाही. पण वेतन दिल्याचे सिद्ध करण्याचा भार आधीच समोरच्यावर असतो, आणि तुमच्याकडे ग्रामसेवकाच्या सहीची तारीखवार नोंद, कोयत्याची हिशोबवही आणि कारखान्याच्या काट्यावरील वजन ही तिन्ही जुळत असतील, तर समोरच्याला केवळ तोंडी नाकारून चालणार नाही. नोंदीची प्रमाणित प्रत प्रत्येकाने निघण्यापूर्वी घ्यावी आणि तिचे छायाचित्र टोळीतील निदान दोन मोबाइलमध्ये ठेवावे. नोंदीचा नमुना मी या आठवड्यात तयार करून येथेच देतो; माजलगावच्या ताईंनी आणि मुकादमाच्या मुलाने तो वाचून दुरुस्त्या सुचवाव्यात.